याकोबमामांचं दृढीकरण

चर्चच्या फाटकावर फ्लेक्स लागला होता. त्यावर सोळा मुलांचे फोटो होते, ओळखपत्राच्या आकाराचे. आणि पंचकमिटीतल्या सातजणांचे, जेवणाच्या ताटाच्या आकाराचे. सगळ्यांच्या वर पाळकसाहेब हात जोडून उभे होते आणि त्यांच्या मागे सूर्य उगवत होता. त्यांचा फोटो निघेपर्यंत तो थांबला असावा. ज्या मुलांचं दृढीकरण होतं त्यांची नावं वाचायला मला चष्मा पुसावा लागला. ज्यांनी ते घडवून आणलं त्यांची नावं मनमाडकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतूनही वाचता आली असती.

मैत्रिणीच्या मुलीसाठी मी आले होते, नाहीतर नाशिकरोडच्या या आवारात मी बरीच वर्षं पाय ठेवला नव्हता. दरम्यान आवाराची प्रगती झाली होती. मातीच्या जागी पेव्हर ब्लॉक आले होते. कारंजं आलं होतं, त्यात पाणी नव्हतं. नऊ वाजता घंटा झाली, म्हणजे घंटेची टेप लागली. छपरावरच्या भोंग्यातून कुठल्याशा परदेशी शहरातल्या पाचसहा घंटा एकमेकींवर आदळत बाहेर आल्या, शेवटी खर्र झालं आणि कुणीतरी बटण दाबलं. आमची खरी घंटा दारात चौथऱ्यावर ठेवली होती. तिला इतकं घासलं होतं की कमिटीच्या माणसांना तिच्यात बघून टाय सरळ करता यावा. भोवती साखळी, आणि साखळीला पाटी : कृपया हात लावू नये.

मी लावला. दोर कधीच गेला होता, पण मला दोराचाच वास आला. ताग, घाम, तंबाखू आणि खोबरेल. तो वास याकोबमामांच्या हातांचा होता.

आमची मंडळी ल्युथरन. हा शब्द शाळेत उच्चारला की समोरची मुलगी विचारायची, "म्हणजे ख्रिश्चनच ना?" मी हो म्हणून मोकळी व्हायचे. रेल्वेतले, छापखान्यातले, दवाखान्यांतल्या नर्सबाई, चारदोन शिक्षक अशी आमची मंडळी. रविवारी सकाळी ती इतकी इस्त्री केलेली असायची की देवाला तिच्यात एकही सुरकुती सापडू नये. बाकी काही सापडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते घरी ठेवून यायची पद्धत होती.

आमच्याकडे कुणाचंही काही एकट्याचं नसायचं. बाळाचा बाप्तिस्मा असला की पाळकसाहेब बाळाच्या डोक्यावर पाणी घालायचे आणि मंडळीकडे वळून विचारायचे, या बाळाला तुम्ही सगळे मिळून सांभाळाल का? सगळी मंडळी उठून उभी राहायची, बाक करकरायचे, आणि एका आवाजात 'हो, सांभाळू' असं इतक्या जोरात व्हायचं की बाळ दचकून रडायला लागायचं. नंतर आवारात पेढा खाताना तीच माणसं एकमेकांना विचारायची, "मुलगा की मुलगी हो?" लग्न ठरलं की तीन रविवार वेदीवरून नावं पुकारली जायची, आणि तिसऱ्या रविवारी सगळ्या बायका माना वळवून नवरीकडे अशा बघायच्या, जणू तिनं काहीतरी कबूल केलंय. माणूस गेला की त्याच्या वयाइतके टोल पडायचे. आमच्या गल्लीत पोळी तव्यावर तशीच राहायची आणि आया ओठ हलवत मोजायच्या. सत्तरच्या पुढे गेलं की आई म्हणायची, "साळवेबाई गेल्या वाटतं." आणि साळवेबाईच गेलेल्या असायच्या.

हे सगळे टोल याकोबमामांचे. बाप्तिस्म्याला तीन, दृढीकरणाला प्रत्येक मुलामागे एक, लग्नाला नवरानवरी फाटकातून गाडीत बसेपर्यंत अखंड. दिंडोरीकडच्या एका खेड्यातून ते पोरवयात मिशनच्या बोर्डिंगात आले आणि घंटेखाली उभे राहिले ते तिथेच राहिले. घंटा वाजवायची, झाडायचं, कबरा खणायच्या, कबरस्तानातलं गवत काढायचं. सगळी मंडळी त्यांना मामा म्हणायची. कमिटी मात्र 'अरे याकोब' म्हणायची. कमिटीत निवडून आल्यावर माणसाचं पहिलं काम हेच असायचं. काल मामा म्हणणारा आज अरे याकोब म्हणायला लागायचा.

आता दृढीकरणाचं. बाप्तिस्मा होतो तेव्हा मूल तान्हं असतं, त्याचं मत रडण्यापलीकडे जात नाही. म्हणून चौदाव्या वर्षी त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं की जे माझ्या वतीनं कबूल केलं गेलं ते मला मान्य आहे. हे झालं दृढीकरण. ते झालं की मुलगा पूर्ण सभासद होतो. त्याला प्रभुभोजन घेता येतं, वार्षिक सभेत हात वर करता येतो, आणि मेल्यावर चर्चच्या मागच्या कबरस्तानात जागा मिळते. ज्याचं झालं नाही तो गावाबाहेरच्या सार्वजनिक कबरस्तानात जातो. चौदाव्या वर्षी यातलं तिसरं कुणाला महत्त्वाचं वाटत नाही.

आमच्या तुकडीचं दृढीकरण नव्वदच्या दशकातल्या एका मार्चमध्ये झालं, झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी. मार्च म्हणजे द्राक्षांचा हंगाम. दिंडोरीहून काळ्या द्राक्षांच्या पेट्या यायच्या आणि पाळकबाई मागच्या अंगणात प्रभुभोजनाचा रस उकळायच्या. तो वास मला अजून कुठल्याही बाजारात, कुठल्याही बाटलीत सापडलेला नाही. गोड, थोडा करपलेला, लाकडाच्या धुराचा. त्यात इस्त्रीच्या कांजीचा वास मिसळायचा, कारण घरोघरी पांढरे फ्रॉक आणि सदरे कडक होत असायचे. आणि वरून कडुनिंबाचा मोहर. प्रभुभोजनाचे काचेचे कप अंगठ्याएवढे होते. पूर्ण सभासद वेदीसमोर गुडघे टेकून त्यातला घोटभर रस घ्यायचे, आणि रिकामे कप टोपलीतून मागच्या नळावर जायचे. तिथे याकोबमामा ते धुवायचे. त्यांना वेदीसमोर गुडघे टेकताना कधी कुणी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं नाही हेही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कप कुणीतरी धुवायचेच असतात.

लक्षात आणून दिलं उजागरेसाहेबांनी. नोटांच्या छापखान्यात ते तपासनीस होते. हजार चांगल्या नोटांतून एक बिघडलेली शोधायची, हे त्यांनी जन्मभर केलं. निवृत्त झाल्यावर डोळ्यांना काम उरलं नाही, म्हणून ते मंडळीचे चिटणीस झाले. मंडळीचा वर्धापनदिन जवळ आला होता आणि सर्व सभासदांची छापील पुस्तिका काढायची होती, आर्ट पेपरवर, पहिल्या पानावर चिटणीसांचा फोटो. त्यासाठी त्यांनी चर्चचं मोठं रजिस्टर काढलं. प्रत्येक नावापुढे चार रकाने : जन्म, बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह. याकोब नावापुढे तीन भरलेले होते. एक कोरा.

त्या रविवारी उपासना संपल्यावर, आम्ही मुलं तिथेच खेळत असताना, त्यांनी मामांना घंटेखाली गाठलं.

"अरे याकोब, तुझं दृढीकरण कुठल्या साली झालं?"

"झालं नाय, साहेब."

"झालं नाही म्हणजे?"

"मी घंटा वाजवत व्हतो."

"बरं. मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी बी घंटा व्हतीच की."

उजागरेसाहेबांच्या चेहऱ्यावर बिघडलेली नोट सापडल्याचा आनंद पसरला. "तरी तुझं लग्न चर्चमध्ये लागलं!" ते म्हणाले. आता एका कोऱ्या रकान्यानं दुसरा भरलेला रकानाही संशयित झाला होता. मामांचं लग्न होऊन तीस वर्षं झाली होती आणि त्यांची बायको सगुणाबाई जाऊन चारपाच. मूलबाळ नव्हतं. संशय घ्यायला उरलं होतं ते फक्त रजिस्टर.

कमिटीची सभा झाली. अशा सभा दोन तास चालायच्या, आधी आणि नंतर प्रार्थना, मध्ये बटाटेवडे. ठरलं असं, की याकोब पूर्ण सभासद नाही. झाडणं, घंटा, कबरा ही कामं चालू राहतील, त्यांना सभासदत्व लागत नाही. परंतु सभासदाचे हक्क लागू होणार नाहीत. हे त्यांना सांगायला उजागरेसाहेब स्वतः गेले. वाईट बातमी सांगायला ते नेहमी स्वतः जात.

मामांनी फक्त एक विचारलं. "म्हंजे सगुणीच्या बाजूला मला नाय ठेवणार?"

"नियम आहे, याकोब. मी काय करणार?"

"मंग माझं बी करून टाका की. पोरांसंगं."

अशा रीतीनं अठ्ठावन्न वर्षांचे याकोबमामा आमच्या दृढीकरणाच्या वर्गात आले. शनिवारी दुपारी व्हरांड्यात सतरंजीवर आम्ही तेराजण आणि मागे भिंतीला टेकून ते, टोपी मांडीवर. वर्गाची एक पद्धत होती. दृढीकरणाच्या आदल्या रविवारी सगळ्या मंडळीसमोर परीक्षा व्हायची आणि प्रत्येकाला एक प्रश्न विचारला जायचा. कुणाला कुठला हे जानेवारीतच ठरलेलं असायचं. मूल आपलं एक उत्तर तीन महिने घोकायचं आणि बाकीच्या प्रश्नांच्या बाबतीत आयुष्यभर निर्धास्त राहायचं. मी तीनचार शंका विचारल्या होत्या, तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "तुला फार प्रश्न पडतात. तू याकोबला उत्तर शिकव." मामांना वाचता येत नव्हतं.

म्हणून त्या वर्षीचा फेब्रुवारी आणि मार्च मी कबरस्तानात काढला. मामा उकिडवे बसून विळ्यानं हरळी आणि गाजरगवत काढायचे, मी त्यांच्यामागे सरकत उत्तराची एकेक ओळ सांगायचे आणि ते विळ्याच्या ठेक्यावर म्हणायचे. त्यांना आलेला प्रश्न होता : मंडळी म्हणजे कोण? उत्तर चार ओळींचं होतं, त्यात 'पवित्र' हा शब्द तीनदा होता आणि क्रियापद शेवटपर्यंत सापडत नव्हतं. दुपारी तीनची गाडी गेली की जमीन थरथरायची आणि मामा म्हणायचे, "थांब पोरी, हिला जाऊ दे." जणू ती गाडी कुणी म्हातारी होती. गवताचा हिरवा, तिखट वास. विळ्याला लागलेली माती. त्यांच्या निळ्या सदऱ्यावर पाठीत घामाचा नकाशा. कापलेल्या गवतात टोळ उडायचे आणि माझ्या फ्रॉकवर बसायचे.

श्रीमंतांच्या कबरांवर संगमरवर होता, त्यावर मृताचं नाव, हुद्दा आणि पदवी. देवाला अर्ज करायचा असल्यासारखं. बाकीच्यांची नुसती माती. एकदा एका मातीच्या चौकोनापाशी मामांनी विळ्याचं टोक टेकवलं आणि म्हणाले, "ही सगुणी."

"दगड का नाही लावला, मामा?"

"दगड कशाला? मला म्हाईत हाय ना."

आणि बाजूची हरळी दोन हातांनी उपटत म्हणाले, "हां, पुढं सांग. पवित्र काय?"

परीक्षेच्या रविवारी चर्च भरलं होतं. तेरा मुलांनी तेरा उत्तरं खाडखाड म्हटली, त्यांतलं एकही कुणी ऐकलं नाही. मग पाळकसाहेबांनी विचारलं, "याकोब, मंडळी म्हणजे कोण?"

मामा उभे राहिले. पहिला 'पवित्र' आला आणि गेला. मी पुढच्या बाकावरून ओठ हलवत होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. ते मागे वळले, सगळ्या बाकांवरून हळूहळू नजर फिरवली. त्यांतल्या निम्म्यांच्या बाप्तिस्म्याला त्यांनी घंटा वाजवली होती. मग हात पसरून म्हणाले, "हीच की. हितं बसलीत ती."

मंडळी हसली. नर्सबाई रुमाल तोंडाला लावून हसल्या, तबलेवाला हसला. मीही हसले. पुढे अनेक ठिकाणी, अनेक पुस्तकांत या प्रश्नाची उत्तरं मी वाचली. त्यांतलं कुठलंच याच्या जवळपास पोचलेलं नाही. उजागरेसाहेब तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "उत्तर अपूर्ण आहे." पाळकसाहेबांनी दयाळूपणे खूण केली आणि मामा पास झाले.

झावळ्यांच्या रविवारी सगळ्यांना पांढरे कपडे आणि छातीवर लाल फितीचं फूल. मामांचा सदरा कुणाचातरी होता, बाह्या लांब होत्या. फोटोवाला म्हणाला, "बाबा, तुम्ही जरा बाजूला व्हा, मुलांचा काढू द्या." मामा बाजूला झाले. त्या फोटोत उजव्या कडेला एक पांढरी बाही आहे.

दृढीकरणाची आमची रीत अशी : मूल गादीवर गुडघे टेकतं, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवतात, नाव घेतात, अर्धा आशीर्वाद म्हणतात, आणि मग घंटेचा एक टोल पडतो. त्याचा नाद विरेपर्यंत हात उचलायचा नाही. मंडळी स्थापन करणाऱ्या गोऱ्या साहेबानं हे ठरवून दिलं होतं, आणि त्या साहेबाच्या इतर सगळ्या गोष्टी विसरल्या तरी ही पाळली जायची. क्रम उजागरेसाहेबांनी लावला होता, बाप्तिस्म्याच्या तारखेनुसार. त्यामुळे पहिले याकोबमामा. दुसरी मी. सगळ्या गोष्टींचा विचार झाला होता. पाहुणे कोण, हार किती, पाहुण्यांच्या गाडीला सावलीत जागा कुठली. घंटा कोण वाजवणार, हा प्रश्न कुणालाही पडला नव्हता. घंटा ही आमच्याकडे कुणी वाजवायची गोष्ट नव्हती. ती वाजायची.

मामांनी गुडघे टेकले. पाळकसाहेबांनी हात ठेवला, नाव घेतलं, आशीर्वादाचा पूर्वार्ध म्हटला आणि थांबले. उत्तरार्ध टोलानंतर असायचा.

टोल पडेना.

सगळी मंडळी मागे वळली. दारापाशी दोर शांतपणे लोंबत होता. बाहेरून द्राक्षांचा वास येत होता. एक मिनिट गेलं असेल. मग उजागरेसाहेबांचा पुतण्या लगबगीनं गेला आणि त्यानं दोर ओढला. घंटेला आधी झोका द्यावा लागतो, मग आवरावं लागतं, हे त्याला काय माहीत? वरून करकर आवाज आला आणि चार पारवे फडफडत आत शिरले. त्यानं पुन्हा ओढला. पुन्हा करकर. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, याकोबला सांगा ना!"

मामांनी मान वर केली. डोक्यावरचा हात तसाच होता. "साहेब, एक मिन्टं," ते म्हणाले. हाताखालून उठले, दोन्ही बाजूंच्या माणसांमधून भराभर चालत दाराशी गेले, बाह्या वर सारल्या, दोर धरला, एक झोका, आणि टोल पडला. इतका स्वच्छ टोल मी आधी आणि नंतर ऐकलेला नाही. नाद भिंतीभिंतींतून गेला, बाकाच्या लाकडातून माझ्या पायांपर्यंत आला.

तो विरला तेव्हा पाळकसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. पाहुण्यांना दुपारची गाडी धरायची होती. गादी रिकामी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोटानं खूण केली : ये.

मी मागे बघितलं. मामा दोर हातात धरून उभे होते. आता मी गुडघे टेकणार, मग टोल लागणार, मग पुढच्याला, मग त्याच्या पुढच्याला. दोर सोडून येण्याची जागाच कुठे उरली नव्हती. मी म्हणू शकले असते, साहेब, मामांचं राहिलंय. तीनच शब्द होते. मला फार प्रश्न पडतात म्हणून प्रसिद्ध असलेली मी. आई पाठीत बोट टोचून कुजबुजली, "फ्रॉक सावर आणि बस नीट." मी फ्रॉक सावरला आणि बसले. गादीवर त्यांच्या गुडघ्यांचे दोन खड्डे अजून होते. माझे गुडघे त्यात बरोबर बसले.

तेरा टोल पडले. नंतर फलाहार होता.

त्यापुढे कमिटीला जो विषय मिळाला तसा तिला आधी कधी मिळाला नव्हता. याकोबचं दृढीकरण झालं की नाही? हात ठेवला होता, हे सर्वमान्य. आशीर्वाद अर्धा. टोल पडला, पण उमेदवारानं स्वतःच दिला, आणि तेव्हा हात डोक्यावर नव्हता. एक सदस्य म्हणाले, देवाच्या लेखी झालं असावं. उजागरेसाहेब म्हणाले, "देवाच्या लेखी असेल. रजिस्टरच्या लेखी नाही." पाळकसाहेब सरळ उठून दोन मिनिटांत उरलेला आशीर्वाद म्हणू शकले असते, पण मग पहिला अर्धा चुकीचा होता असं कबूल केल्यासारखं झालं असतं. त्यांची बदली झाली. नवे आले, ते म्हणाले, मी हजर नव्हतो. विषय पुढील सभेवर गेला, आणि पुढील सभेनं तो पुढील सभेवर ढकलला. रकान्यात पेन्सिलीनं एक टिंब होतं. मामा दर वार्षिक सभेच्या दिवशी हात पुसत दाराशी येऊन उभे राहायचे. "झालं का साहेब, माझं?" "चर्चा चालू आहे, याकोब." मग ते सभेसाठी खुर्च्या मांडायचे.

मी कॉलेजात गेले, पुस्तकं वाचली, चर्चला जाणं सोडलं. हे सगळं हास्यास्पद आहे असं म्हणण्याइतकी शहाणी झाले. मामांसाठी कुणाकडे दोन शब्द टाकण्याइतकी झाले नाही. सुट्टीत घरी असले की त्यांचे टोल ऐकू यायचे आणि मला बरं वाटायचं. आठवणी जमवणाऱ्या माणसांना तेवढं पुरतं.

नवं शतक लागून दोन वर्षं झाली होती, डिसेंबर होता, मामा गेले. टोल पडले नाहीत. वाजवणारा पेटीत होता.

कमिटीचं मन त्या दिवशी फार मोठं झालं. मेलेल्या माणसाबद्दल ते नेहमीच व्हायचं. तातडीची सभा होऊन 'विशेष बाब म्हणून' ठराव झाला की याकोब यांना त्यांच्या पत्नीशेजारी जागा देण्यात यावी. उजागरेसाहेबांनी ठराव मोठ्यानं वाचून दाखवला. दोघातिघांनी डोळे पुसले, स्वतःच्या मोठेपणानं. सगळे कबरस्तानात आलो. नाक्यावरून दोन मजूर आणले होते, कारण खणणारा आता आमच्याकडे नव्हता. त्यांतल्या एकानं कुदळ टेकवली, कपाळावरचा घाम पुसला आणि विचारलं :

"कुठं खांदायचं?"



उजागरेसाहेबांनी मृत्यूंचं रजिस्टर मागवलं. सगुणाबाईंचं नाव होतं, वय होतं, आजार होता, अंत्यविधी करणाऱ्या पाळकांची सही होती. जागेचा रकाना त्या रजिस्टरात नव्हताच. गवतात मातीचे पंधरावीस चौकोन, सगळे सारखे, सगळ्यांचं गवत सारखंच निगुतीनं काढलेलं. नवे पाळकसाहेब उजागऱ्यांकडे बघत होते, उजागरेसाहेब दुसऱ्यांकडे.

"याकोबलाच माहीत असणार," शेवटी ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून खोकले.

मग आईला आठवलं. "ही जायची की त्यांच्यामागे! उत्तर शिकवायला." सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. मजूर कुदळीवर रेलून वाट बघत होता.

मला सगळं आठवलं. विळ्याचं टोक, त्याला लागलेली ओली माती. निळा सदरा. हरळी उपटताना त्यांच्या मनगटावर आलेली शीर. तीनच्या गाडीचा थरथराट, फ्रॉकवरचा टोळ, गवताचा तिखट वास. 'मला म्हाईत हाय ना' म्हणतानाचा आवाज, त्यातला तो थोडा गर्व. फक्त जागा आठवेना. पहिल्या निंबापाशी की दुसऱ्या? भिंतीकडे की वाटेकडे? ऊन कुठून येत होतं तेवढं आठवत होतं, आणि ऊन सगळीकडूनच येतं.

"माहीत नाही" असं म्हणता आलं असतं. पण मंडळी माझ्याकडे बघत होती. पेटी उन्हात होती. आणि ठाऊक नसलेली गोष्ट ठामपणे सांगायची हे मी त्याच आवारात शिकले होते.

मी दुसऱ्या निंबाखालच्या एका चौकोनाकडे बोट दाखवलं. "ही सगुणाबाई," मी म्हणाले.

मजुरांनी शेजारी खणलं. उजागरेसाहेब मला म्हणाले, "बरं झालं तू होतीस."

आता तिथे ग्रॅनाइट आहे. परवा दृढीकरण आटोपल्यावर हार, भाषणं, पाहुण्यांचा सत्कार आणि सत्काराला उत्तर झालं आणि पाळकसाहेबांनी सोळाही मुलांना फुलं देऊन रांगेनं मागे नेलं. आता ही नवी रीत आहे. दृढीकरण झालेल्या मुलांनी याकोबमामांच्या कबरेवर फूल वाहायचं. दगडावर कोरलंय : याकोब व सगुणाबाई, येथे एकत्र विसावले. खाली ज्यांच्या कारकिर्दीत दगड बसवला त्या कमिटीची सात नावं, जरा मोठ्या अक्षरांत.

"मामांसारखी श्रद्धा ठेवा," पाळकसाहेब मुलांना सांगत होते. "इथेच त्यांचंही दृढीकरण झालं, तुमच्यासारखंच."

माझ्या मैत्रिणीची मुलगी रांगेत शेवटी होती. तिचा पांढरा फ्रॉक कडक कांजीचा होता. दगड एकच, माती दोघांची, आणि तिच्या हातात एकच फूल. ती गोंधळून थांबली आणि माझ्याकडे वळली.

"मावशी, मम्मी म्हणते तुला सगळं माहितीये. यातल्या मामी कुठल्या बाजूला?"

"डावीकडे," मी म्हणाले.

तिनं वाकून डावीकडे फूल ठेवलं.